मालनचा वकील

मालन चहा घेऊन आत आली आणि लवूने हातातला कागद झटकन उशीखाली सरकवला. अक्षर सासऱ्यांचं होतं. त्यांना जाऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते…

तो कागद म्हणजे मृत्युपत्रच, हे तिने ओळखलं. चोविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा हा दीर सात वर्षांचा होता. माहेरी दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली असताना या आईविना पोराकडे बघून ती नाहूरच्या या दोन खोल्यांत राहिली, विक्रोळीच्या कंपनीतल्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून तिने त्याला शिकवलं, आणि आज तोच तिच्यापासून कागद लपवत होता! आठ दिवस ती आतल्या आत जळत राहिली. शेवटी कॅन्टीनमधल्या सुंदराबाईंना विचारलं, मृत्युपत्राची कामं करणारा जवळपास कुणी वकील आहे का. त्यांनी मुलुंडचे मार्तंड वकील सुचवले.

वकिलांनी सगळं ऐकलं, नावं विचारली आणि चष्मा काढून ठेवला. हे काम आपल्याला घेता येणार नाही, दुसऱ्या बाजूचा माणूस आधीच येऊन गेलाय, घरी जाऊन दिराशी बोला, एवढंच ते म्हणाले.

म्हणजे लवू वकिलापर्यंत पोहोचलासुद्धा… ती घरी आली ती सरळ ट्रंक भरायला बसली. लवू दारात थबकला.

"वहिनी, हे काय?"

"मला काढायला वकील कशाला हवा रे? तोंडाने सांगितलं असतंस तरी गेले असते."

त्याचा चेहरा उतरला. त्याने तो कागद तिच्यापुढे ठेवला. जागा एकट्या लवूच्या नावावर होती, मालनचं नाव कुठेच नव्हतं.

"बाबांनी तुझं नावही लिहिलं नाही, याची लाज वाटली मला," तो खाली बघत म्हणाला. "म्हणून लपवलं. कोर्टातून हे मंजूर झालं की जागा तुझ्या नावावर कशी करायची, ते विचारायला गेलो होतो."

मालनने कागदाची घडी घातली. आपण तिथे का गेलो होतो, ते याला कधीच कळणार नव्हतं, वकील सांगणार नव्हते… पण त्या पोराच्या खाली झुकलेल्या मानेकडे बघून तिला गप्प राहवेना.

"मीपण त्यांच्याकडेच गेले होते, लवू. तुझ्यावर दावा लावायला."

तो ट्रंकेपाशी येऊन बसला. मग ट्रंकेतली लुगडी एकेक करून काढत पुन्हा फळीवर ठेवू लागला. ती मात्र पदरात तोंड लपवून तशीच बसून राहिली… मान वर करायचं धैर्य तिला होत नव्हतं.


"शनिवारी सुट्टी काढ," लवू म्हणाला. "दोघं मिळून जाऊ त्यांच्याकडे."