लिआओदादांचं तिसरं मत

ही गोष्ट खरी आहे. मला खोटं रचता येत नाही. येत असतं तर नोकरीत बरीच वर गेले असते.

आणि ती रात्रही नव्हती. भरदुपार होती. गेलेली माणसं घरी येतात, तो भुतांचा महिना लागायला अजून आठवडा होता. दोन वर्षांपूर्वीचा अठ्ठावीस जुलै, रविवार. ताइनानमधलं माझं घर, स्वयंपाकघरातलं टेबल. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

लिआओदादांचं पत्र आलं.

त्यांना जाऊन तेव्हा चव्वेचाळीस दिवस झाले होते...

आधी दादांविषयी सांगते. मी एका दवाखान्यात कारकून होते. शिक्षण बेताचंच. दादा तिथे संगणक दुरुस्त करायला यायचे. एकदा म्हणाले, "आ-चिन, दिवसभर हे फॉर्म हाताने तपासतेस, कंटाळत नाहीस? चल, मशीनलाच शिकवू." जेवणाच्या सुट्टीत, डब्यावर डबा ठेवून, त्यांनी मला जावा ही संगणकाची भाषा शिकवली. मी अडीच वर्षं चुकत होते, आणि ते अडीच वर्षं हसत होते.

त्यातूनच 'चूसुन' झालं. चूसुन म्हणजे बांबूचा कोंब. जावात काम करणाऱ्यांसाठी एक छोटं अवजार. फॉर्मवरच्या तारखा वाचायच्या, तपासायच्या, चुकीच्या असतील त्या बाजूला काढायच्या, एवढंच. फुकट, खुलं, कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं. पुढे शेकडो दवाखाने ते वापरायला लागले.

सांभाळणारे आम्ही तिघं. दादा, मी, आणि कोरियातल्या देगूचा बे सांग-हुन.

नियम दादांचे. नवी आवृत्ती तयार झाली की मतदान. बहात्तर तास. तीन होकार हवेत, आणि कोणाचा सकारण विरोध नको. कारण एकदा सोडलेली आवृत्ती परत घेता येत नाही. जगभर जाते, ती जातेच.

दादा दर वेळी आधी विरोध करायचे. बे त्यांना "नाही-आजोबा" म्हणायचा.

चौथ्या आवृत्तीवर आम्ही तीन वर्षं राबलो. ती पुरी होत आली, तेव्हाच दादांच्या पोटातलं दुखणं कळलं. इस्पितळातून त्यांचा निरोप आला. 'चौथीत एक शंका आहे. फोन कर.'

मला राग आला. म्हटलं, मरणाच्या दारातही या माणसाला शंका! उद्या करते.

तो उद्या मी अकरा दिवस लांबवला.

बाराव्या दिवशी वहिनींचा फोन आला. शंका काय होती, ते विचारायचं राहून गेलं...

आमच्याकडे एकोणपन्नासाव्या दिवशी गेलेला माणूस खऱ्या अर्थाने निघून जातो. वहिनी मला म्हणाल्या, "चौथी लागली की मी सुटलो, असं म्हणायचे गं. त्याच्या आत होईल का?"

"होईल," मी म्हटलं.

पण मतं? आम्ही उरलो दोघं. नवा माणूस घ्यायचा, तर त्यालाही तीन मतं लागतात. हाही दादांचाच नियम. बे म्हणाला, "दोनवरच सोडू. म्हाताऱ्याला काय कळणार आहे?"

सव्वीस तारखेला मी आवृत्ती बांधली, मतदान उघडलं. बेचा होकार, माझा होकार.

आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ते पत्र. दादांच्या ईमेल पत्त्यावरून.

"विरोध. कारण: एकोणतीस फेब्रुवारी. तिला का काढलंस?"

खाली सही होती. ही सही पेनाची नसते. ती मशीन करतं, आणि दुसऱ्या कोणाला नक्कल जमत नाही. मी तपासली. सही खरी होती.

मला वाटलं, आधीच लिहून ठेवलेलं असेल, आपोआप सुटलं असेल. मन असंच सोयीचं काहीतरी शोधतं.

मग खालची ओळ दिसली.

बांधलेल्या प्रत्येक आवृत्तीची एक खूण निघते. चौसष्ट आकड्याअक्षरांची. एक स्वल्पविराम हलला, तरी सगळी खूण बदलते. कशावर मत देतोय, ते कळावं म्हणून मत देणारा ती खाली लिहितो.

पत्रात खूण होती. मी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवलं.

सव्वीस जुलैची होती... दादा गेल्यानंतर बेचाळीस दिवसांनी जन्मलेली.

मी वहिनींना फोन लावला. दादांची सही त्यांच्या घरच्या मशीनमध्येच होती, दुसरीकडे कुठेही नाही.

"वहिनी, दादांचं मशीन कोणी चालू केलंय का?"

"कसं करणार? त्याची वायर मी भाताच्या कुकरला लावलीय. कुकरची जळली ना."

मी स्कूटर काढली.

वहिनींनी दार उघडलं. मधल्या खोलीत दादांचा फोटो, उदबत्ती, पेरू. आतल्या खोलीचं दार बंद होतं.

आणि आतून घरघर ऐकू येत होती. मशीनचा पंखा फिरतो, तशी...

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ऐकू आलं होतं.

मी दार ढकललं. आवाज थांबला.

मशीन कोपऱ्यात होतं. मागे वायर नव्हती. वर मी जूनमध्ये ठेवलेलं क्वाय-क्वायचं हिरवं पाकीट, मक्याच्या फुग्यांचं. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात. हिरवंच हवं, आणि तारीख उलटलेली नको. पाकीट बंद होतं. तारखेला अजून दोन महिने होते.

मी मशीनवर हात ठेवला.

कोमट होतं.

"उन्हाने तापलं असेल," वहिनी म्हणाल्या.

त्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे.

घरी येऊन मी काम उघडलं. एकोणतीस फेब्रुवारी... आमच्याकडे कागदोपत्री साल वेगळं लिहितात, इंग्रजी सालातून एकोणीसशे अकरा वजा करून. लीप वर्ष ठरवताना ते आधी परत मिळवायचं असतं. चौथ्या आवृत्तीत मी ते न मिळवताच चाराने भागलं होतं. आमच्याइथल्याच माणसाने करावी अशी चूक, आणि ती वीस वर्षांचा अनुभव असलेली बाई करून बसली होती.

म्हणजे एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेला प्रत्येक माणूस 'अशी तारीखच नाही' म्हणून यादीतून गळला असता. लस नाही, तपासणीचं बोलावणं नाही. गुपचूप. कोणाला कळलंही नसतं.

पूर्वी अशी चूक पकडणारी एक चाचणी होती. दादांनी पहिल्या आवृत्तीत लिहिलेली. साफसफाई करताना मीच ती जुनाट म्हणून काढून टाकली होती.

मी जुनी पानं चाळून ती शोधली. एकच तारीख होती तिच्यात. साल एकोणपन्नास, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे साठ, महिना दोन, दिवस एकोणतीस.

मी वहिनींना फोन करून विचारलं, "तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"चार वर्षांनी एकदा," त्या हसल्या. "तुझे दादा म्हणायचे, स्वस्तात पडलीस."



चूक दुरुस्त केली. चाचणी जिथे होती तिथे परत ठेवली. तीस तारखेला नवी बांधणी केली, नवं मतदान उघडलं. बे म्हणाला, "आता येईल ना गं त्यांचं?" चेष्टा करत नव्हता तो.

दोन होकार आले. एक दिवस गेला. दोन गेले.

तिसऱ्या दिवशी, दोन ऑगस्टला, एकोणपन्नासावा होता. भिक्षू येऊन पाठ करून गेले. मी मांडीवर संगणक घेऊन फोटोसमोर बसून होते. बहात्तर तास संपायला वीस मिनिटं उरली होती.

पत्र नव्हतं.

वहिनींनी विचारलं, "किती मतं लागतात?"

"तीन."

"आणि त्यांचं आलं नाही."

"नाही."

त्या उठल्या. देव्हाऱ्यातून दोन लाकडी चंद्रकोरी घेऊन आल्या. देवाला किंवा पितरांना विचारायचं असलं की आमच्याकडे त्या टाकतात. एक उताणी, एक पालथी पडली तर हो, आणि लागोपाठ तीनदा हो आलं की पक्कं. दोन्ही पालथ्या तर नाही. दोन्ही उताण्या, म्हणजे तो हसतोय.

"अहो," वहिनी फोटोला म्हणाल्या, "आ-चिनने दुरुस्त केलंय. आता तरी हो म्हणा. पोरीला किती छळाल?"

चंद्रकोरी फरशीवर पडल्या. दोन्ही उताण्या.

"हसतोय मेला!" वहिनी सवयीने म्हणून गेल्या. मग तो शब्द त्यांचा त्यांनाच ऐकू आला. तोंडावर पदर घ्यावा तशी त्यांनी बाही धरली.

थोड्या वेळाने पुन्हा टाकल्या.

हो.

पुन्हा... हो.

तिसऱ्यांदा एक चंद्रकोर उताणी पडली, दुसरी घरंगळत आतल्या खोलीच्या दाराशी गेली. तिथे कडेवर उभी राहिली. आम्ही दोघी श्वास धरून बघत होतो.

पंखा बंद होता. वारा नव्हता.

ती हळूच पालथी पडली, कोणी बोटाने लोटावी तशी...

हो.

मी मतपत्रिकेत लिहिलं. 'लिआओ तुंग-शुन: होकार. कळवणार: पत्नी.' बेने खाली लिहिलं, 'ग्राह्य.'

आणि चौथी आवृत्ती सोडली.

नंतर वहिनींनी ते हिरवं पाकीट आणून फोडलं. "त्यांच्या नावाचं आहे, आपण खाऊ." मी एक फुगा तोंडात टाकला.

चवच नव्हती. ना खोबऱ्याची, ना लोण्याची. वासही नाही. नुसता कापूस.

पितर जेवले की नैवेद्याची चव जाते, असं माझी आई म्हणायची. मी कधी मानलं नव्हतं.

वहिनी मात्र शांतपणे चावत राहिल्या. "खाल्लंय त्यांनी," म्हणाल्या.

त्याला आता दोन वर्षं होतील. वहिनींनी ते मशीन मला दिलं, वायरीसकट. ते माझ्या घरी आतल्या खोलीत आहे, मी कधी चालू केलेलं नाही. गेलेल्या माणसाची सही यादीतून काढायची असते, ती मी काढलेली नाही. बे विचारत नाही.

त्यानंतर सहा आवृत्त्या निघाल्या. बेच्या वहिनीला, म्हणजे भावाच्या बायकोला, आम्ही तिसरी म्हणून घेतलं. तिलाही तीन मतं लागली. तिसरं कसं मोजलं, ते विचारू नका. आता तिन्ही होकार पहिल्याच तासात येतात. तरी मी बहात्तर तास पुरे थांबते. कोणाचं काही म्हणणं राहिलं असेल तर...

दर मतदानाला त्या मशीनवर नवं हिरवं पाकीट ठेवते. वेळ संपली की फोडून खाते. सहाही वेळा त्याला खोबऱ्याची, लोण्याची चांगली खमंग चव होती. सहाही वेळा मी रडले.

सातवं मतदान काल दुपारी संपलं.

पाकीट अजून फोडलेलं नाही. सकाळपासून आतल्या खोलीत घरघर ऐकू येते आहे, आणि मला ते दार ढकलायचं नाही. ढकललं की आवाज थांबतो.