चौदा दिवसांची नोटीस

"नोटीस लागलीच नव्हती," रायना पेय्चेवा खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली. "मी म्हातारी आहे, आंधळी नाही."

बोयाना इलकोवाने तिला बसवलं आणि पाणी दिलं. बोयाना खासगी तपासाची कामं घ्यायची. मेतोदी हा पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार तिची गाडी चालवायचा आणि कोणी न विचारता मतं द्यायचा. आत्ता मात्र त्याचं लक्ष रायनाने आणलेल्या अक्रोडांच्या पिशवीवर होतं.

हकीकत साधी होती. ग्लोगिना गावाच्या टोकाला रायनाचं घर, घरामागे नवऱ्याने लावलेली अकरा अक्रोडाची झाडं. गावाचा जमीनवापराचा आराखडा बदलला होता. मागच्या शेताला शीतगृहाची परवानगी मिळाली होती आणि त्याचा रस्ता बरोबर झाडांमधून जात होता. पंचवीस एप्रिलला माणसं लाल खुंट्या ठोकायला आली, तेव्हा तिला कळलं. नियमाने नगरपालिकेच्या फलकावर चौदा दिवस नोटीस लावायची असते, आणि ज्याची हरकत असेल त्याने त्या मुदतीत लिहून द्यायची असते. नोटीस एक एप्रिलला लावली, मुदत चौदाला संपली आणि हरकत एकही आली नाही, असं नगरपालिका म्हणत होती.

"रोज सकाळी नऊला मी त्या फलकासमोर असते," रायना म्हणाली. "आमच्या ह्यांचं, किरिलचं शोकपत्रक तिथे आहे ना. अकरा मार्चला गेले. पहिल्या पत्रकावर ओळखपत्रातला फोटो घालावा लागला, घाईत दुसरा सापडेना. त्यात असे बघतात, जणू कोणी दात उपटतोय. चाळिसाव्या दिवसाच्या नव्या पत्रकाला मात्र कपाट उपसून चांगला काढला, अक्रोड झोडपतानाचा. चाळिसावा वीस एप्रिलला होता. त्या दिवशी गव्हाचा प्रसाद केला, पण खायला कोण? अर्धा कोंबड्यांना घातला."

मेतोदीने जांभई गिळली. म्हातारी माणसं गेलेल्यांबद्दल बोलू लागली की थांबत नाहीत, असं त्याचं मत होतं. तो स्वतः एकटाच राहायचा, त्यामुळे हे मत त्याला फारसं तपासून बघायचं नव्हतं.

"नगरपालिकेत काय म्हणाले?" बोयानाने विचारलं.

"सचिवबाई म्हणाली, आजी, तुम्हाला नवऱ्याशिवाय दुसरं काही दिसतं का? नोटिशीचा फोटो आहे म्हणे. खिडकीपलीकडून दाखवला, इतक्या लांबून मला काय दिसणार!" ती डोक्याच्या रुमालाशी चाळा करत राहिली. "मुलगी वालेन्सियाला असते. तिला फोन केला. ती म्हणाली, आई, सोड ना, तुझंच लक्ष नसेल. झाडं गेली तर जाऊ देत एकवेळ. पण मला वेड लागलंय असं माझीच मुलगी समजते."

बोयाना उठली आणि तिने कोट घेतला.

ग्लोगिनाच्या मुख्य रस्त्यावर दहातली सात घरं बंद होती, आणि प्रत्येक बंद फाटकावर कोणाचं ना कोणाचं जुनं शोकपत्रक उन्हाने पिवळं पडलेलं होतं. शाळेच्या मैदानात गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. मेतोदीला उगाचच हॉर्न वाजवावासा वाटला.

नगरपालिकेच्या दाराशी लाकडी फलक होता. डाव्या बाजूला किरिल पेय्चेव, हॅट मागे सारून हसत होता. नोटीस आता तिथे नव्हती. बोयानाने पत्रकाचा कोपरा नखाने जरासा उचलून पाहिला. "जुन्यावरच चिकटवलंय," ती स्वतःशी म्हणाली.

सचिव स्नेझिना हिने फाइल फटकन समोर टाकली. "बघा आणि समाधान करून घ्या. एक एप्रिल, सकाळी दहा. पंचनाम्यावर माझी सही, शिपायाची सही. आणि हा फोटो."

फोटोत मधोमध नोटीस होती, चारही कोपऱ्यांना छोटे हिरवे ठिपके. डाव्या कडेला एका शोकपत्रकाचा अर्धा भाग आला होता. मजकूर कापला गेला होता. हॅट मागे सारलेला, दात दाखवणारा माणूस मात्र ओळखू येत होता.

"हाच ना तिचा नवरा?" स्नेझिना म्हणाली. "दीड महिना बाई रोज याच्यासमोर उभी राहते, आणि शेजारची नोटीस दिसली नाही म्हणते!"

मेतोदीची मान आपसूक हलली. बाईचं म्हणणं त्याला पटलं.

"फोटो काढताना तुम्ही होतात?" बोयानाने विचारलं.

"मला इतर कामं नाहीत का? तयार कागद आला, मी सही केली."

शिपाई गाव्रिल मागच्या खोलीत पिठाची खळ ढवळत होता. हातातला ब्रश झाडूएवढा.

"वर्षाला शंभर कागद लावतो, ताई. कोणता कधी लावला, काय सांगू? सही कर म्हणाले, केली. पण माझी खळ विचारा कोणालाही! कागद फाटेल, सुटणार नाही. काढायचा तर खरवडावा लागतो."

"आणि रायना मावशी?"

"रोज येते. मी म्हणतो, आत बसा, चहा घ्या. म्हणते, नको, तुमचं काम खोळंबेल." तो ओशाळला. "खरं तर मीही एकदाच म्हणालो असेन."

नगररचनेचा वास्तुतज्ज्ञ प्लामेन वरच्या मजल्यावर होता. भिंतभर आराखडा लावलेला. रस्ता दाखवायला त्याने आराखड्यातली एक हिरव्या डोक्याची टाचणी उपटली आणि बोलताना बोटांत फिरवत राहिला.

"गावात काम यायला हवं की नको? शीतगृह माझ्या मेहुण्याचं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अकरा झाडांसाठी गाव अडवायचं का? आणि त्या रस्त्यात दुसऱ्या कोणाचं घरही येत नाही. तिचं एकच."

जिन्यावर मेतोदी म्हणाला, "काम आटोपलं. मावशीला कसं सांगायचं तेवढं ठरव."

"काका, गावात छापखाना कुठे आहे?" बोयानाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सगळे फलकासमोर उभे होते. रायना नेहमीच्या जागी होती.

"मावशी बरोबर होती," बोयानाने सुरुवात केली. "आणि हे तुमच्याच फोटोने सिद्ध केलं. फोटोतला माणूस नीट बघा."

"किरिल पेय्चेव," स्नेझिना म्हणाली. "मग?"

"किरिलची पत्रकं दोन. मार्चमधल्यात ओळखपत्राचा फोटो आहे, कपाळाला आठ्या. हसरा फोटो चाळिसाव्याचा. तो मावशीने एकोणीस एप्रिलला दुपारी छापखान्यात दिला आणि वीसला पत्रक स्वतःच साध्या गोंदाने जुन्यावर चिकटवलं. छापखानेवाल्याने लिहून दिलंय. मग एक एप्रिलच्या फोटोत किरिल हसतो कसा?"

मेतोदीचं तोंड उघडं राहिलं. तो चेहरा त्याने दोनदा पाहिला होता, आणि एकदाही बघितला नव्हता.

बोयानाने कोपरा अलगद सोडवला. खालून आठ्या घातलेला किरिल डोकावला. गाव्रिलने टोपी काढली.

"म्हणजे फोटो वीस एप्रिलनंतर काढला. मावशी तक्रार घेऊन आली, तेव्हा घाईने नोटीस लावली, फोटो काढला आणि लगेच उतरवली. नवऱ्याचं पत्रक चौकटीत मुद्दाम घेतलं, म्हणजे मावशीला नाही म्हणायला तोंडच उरायला नको. तिथेच हात पोळला. आता लावली कोणी? गाव्रिलकाका असते तर खळ असती, आणि खळीचा कागद पाच मिनिटांत सुटत नाही. फोटोतल्या कोपऱ्यांवर हिरव्या टाचण्या आहेत. नगरपालिकेत तशा एकाच भिंतीवर आहेत."

प्लामेनने नाकारलं नाही. "एकच घर होतं," तो म्हणाला. "एकटी बाई. वाटलं, दोन चकरा मारेल आणि दमेल. इथे फलक वाचतं तरी कोण?"

"पत्रकं सगळ्यांची सारखीच दिसतात," स्नेझिना पुटपुटली. तिचा आवाज उतरला होता. "मी रोज इथूनच आत जाते."

"तुम्ही म्हणालात ना, मावशीला नवऱ्याशिवाय काही दिसत नाही?" बोयाना म्हणाली. "गावात तेवढं एकीलाच दिसत होतं, म्हणून हे सापडलं."

स्नेझिनाने स्वतः फोन उचलून प्लामेनची तक्रार जिल्ह्याला कळवली. गाव्रिलने नवी नोटीस भरपूर खळ लावून चिकटवली, किरिलपासून वीतभर अंतर ठेवून. चौदा दिवस आजपासून सुरू झाले. हरकतीने झाडं वाचतीलच, असं कोणी म्हणालं नाही. आता निदान तिला विचारणार तरी होते.

रायनाने मुलीला फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. "कामावर असेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती हरकतीचा अर्ज घेऊन पायरीवर बसली. कारणासाठी दहा ओळी सोडलेल्या होत्या. बराच वेळ लिहिल्यावर तिने कागद मेतोदीपुढे धरला.

"बघा हो जरा. फार कमी झालं का?"

पहिल्या ओळीवर लिहिलं होतं: मी इथे राहते.

खालच्या नऊ ओळी कोऱ्या होत्या. मेतोदीला आपलं घर आठवलं, दाराशी एकच जोडा असलेलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुरे आहे, मावशी," तो म्हणाला.