शिंपीकाकांच्या शेजारचं घर

खोटं वाटलं तर वाटू दे. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशीला थापा मारणं कधीच जमलं नाही.

मावशी शाळेत शिक्षिका. बदली झाली ती एका आडबाजूच्या, टीचभर गावात. भाड्याचं घर मिळेना, म्हणून ती शाळेतल्याच एका वर्गात झोपायची. परीक्षा तोंडावर आल्या तशा मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारच्या आत दुसरीकडे बघा."

रविवारी दुपारी एक घर मिळालं. दोन स्वच्छ, रिकाम्या खोल्या. मालक परगावी, किल्ली शेजारच्या शिंपीकाकांकडे. मावशीला कोण आनंद झाला. पण दवाखान्यातला कंपाउंडरही तेच घर मिळवायच्या मागे होता. तो मध्येच टपकू नये म्हणून तिनं बाजारातून नवं कुलूप आणलं, दाराला ठोकलं आणि सामान आणायला गेली.

दिवस मावळायच्या आत परतली. कुलपाला किल्ली लावणार, तोच...

टक. टक.

आतून.

"उघडता का जरा?" बाईचा आवाज होता. दमलेला.

मावशीला वाटलं, आपण कुणाला कोंडून गेलो की काय?

"अहो, माफ करा हं, मला वाटलं घर रिकामं आहे," म्हणत तिनं दार उघडलं, कुलूप कडीला अडकवलं आणि आत शिरली.

कुणीच नव्हतं.

मागच्या खोलीतही नाही. तेवढ्यात पुढचं दार हळूच लागलं...

बाहेरून कडी सरकली. कुलूप खटकन बसलं.

किल्ली मावशीच्या मुठीत होती.

ती खिडकीकडे धावली. खिडकीला गज. पलीकडे काकांचं मशीन चालू होतं.

"काका, दार उघडा. मी अडकलेय."

मशीन थांबलं. काकांनी थेट खिडकीकडे पाहिलं. आत अंधार, त्यांना काय दिसलं कोण जाणे...

मशीन पुन्हा सुरू झालं.

"काका, मी शाळेतल्या बाई. दुपारी किल्ली नेली ती मीच."

दुकानातलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. काका मान वर न करता म्हणाले, "बसा हो. त्या घरातून असं येतंच. नाव-गाव सगळं सांगतात. दरवेळी नवा आवाज असतो. लक्ष नाही द्यायचं."

मावशी रडली, भांडली, ओरडून घसा बसला. रस्त्यानं माणसं जात होती. खिडकीजवळ आली की झपझप पावलं उचलायची. आपण आता इथंच मरणार, असं तिला वाटलं.

सुटली ती शाळेच्या शिपाईमामांमुळे. ते ट्रंक पोचवायला आले. गावात नवे, गल्लीची रीत त्यांना ठाऊक नव्हती. मावशीनं गजांतून किल्ली टाकली. त्यांनी उचलली आणि दार उघडलं. एवढंच.

ती बाहेर आली तेव्हा शिंपीकाका पायरीवर उभे होते. चेहरा पांढराफटक.

"बाई... तुम्ही खऱ्याच होतात?"



काका मटकन खाली बसले. "आधीच्या भाडेकरू बाई न सांगता गेल्या, असं आम्ही समजलो. आठवडाभर आवाज येत होता त्यांचा. मी मशीन जोरात चालवायचो."

मग ते धावत आत गेले. दोन्ही खोल्या पाहिल्या, हाका मारल्या. कुणीही नव्हतं.

ऐकणारे मावशीला म्हणतात, चला, निदान आत कुणी सापडलं तरी नाही.

मावशी म्हणते, "हो ना. तिच्याही दाराला बाहेरून कुलूप, खिडकीला गज. मग ती भाडेकरू बाई गेली कुठं?"