भिवराबाईंचा तिरपा टाईप

"छावणी उद्यापासून बंद."

बाभळीला चिकटवलेल्या कागदावर एवढंच होतं. ते वाचून नांदूरघाटच्या कितीतरी लोकांनी जनावरं आष्टीच्या बाजारात मातीमोलाने विकली. जनावरांची चारा-छावणी मात्र चालूच होती.

बहात्तरचा दुष्काळ होता तो. छावणी चालवणाऱ्या सोसायटीने आळ घेतला भिवराबाईंच्या छापखान्यावर. संध्याकाळी दाराला कुलूप लागणार होतं. म्हणून भिवराबाईंनी बीडचे खासगी तपासनीस उत्तरेश्वर यांना बोलावलं. बरोबर त्यांचा मित्र बंकट, उन्हाने आणि वैतागाने तापलेला.

बंकटने कागद पाहिला. जाड अक्षरं, कान्याखाली विटेसारखे चौकोनी पाय, आणि सगळी आरामखुर्चीत रेलल्यासारखी.

"असा टाईप पंचक्रोशीत माझ्याकडंच हाय," भिवराबाई म्हणाल्या. "मालकांनी पुण्याहून आणलेला. जत्रा, कुस्त्या, सोसायटीची सभा, सायकलवरून जाणाऱ्यालाबी वाचता यायचं. पण हे आमी न्हाई छापलं!"

भिंतीवर कुस्त्यांची जुनी जाहिरात होती. तीच जाड अक्षरं, तेच पाय. वाऱ्याला डोकं देऊन निघाल्यासारखी.

"तंतोतंत!" बंकट चिडून म्हणाला. "आता काय शोधायचं?"

छपाईचे खिळे जुळवणारा मुंजाजी तडकला. "बाईंशी भांडलो, खरं हाय. म्हणून गावाच्या पोटावर पाय देईन व्हय?"

"खिळे कुणाला दिले होते?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

"कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला असती."

मग दोघे शिक्के कोरणाऱ्या जालिंदरकडे गेले. सोसायटीचे सगळे लाकडी शिक्के त्याचेच. उभ्या, सरळ अक्षरांचे.

"उलटी अक्षरं मी डोळे झाकून कोरतो," तो हसला. "पण कागद लागला त्या दिशी मी मेव्हण्याबरोबर आष्टीला गेलतो. त्याचा गुरांचा धंदा हाय ना."

दुपार टळली. पाणी मागितलं तर लोक तोंड फिरवत. बंकटचं डोकं भणभणलं. "चला बीडला. बाईंनीच छापलंय."

उत्तरेश्वर सोसायटीच्या कचेरीत गेले. सगळ्यांना बोलावलं आणि जालिंदरपुढे लाकूड ठेवलं.

"एक तिरपा 'छ' कोरा. भिवराबाईंच्या टाईपासारखा."

जालिंदरने सफाईने उलटा 'छ' कोरला. उत्तरेश्वरांनी शाई लावून तो कागदावर दाबला.

"कुणीकडे झुकलाय, बंकट?"

"डावीकडे. मागे." बंकट दचकला. "बाभळीवरच्यासारखा!"

"आणि भिंतीवरचा पुढे, उजवीकडे. तिरपं म्हणजे तिरपं, म्हणून कुणी कल पाहिलाच नाही. शिशाचा खिळा ओतला जातो तेव्हाच त्याचा कल ठरतो."

"खिळा उलटा बसवला तर?" बंकटने विचारलं.

"अक्षर डोक्यावर उभं राहील, कल तोच. म्हणजे तो कागद खिळ्यांनी छापलाच नाही. लाकूड कोरून छापला. कोरणाऱ्याला अक्षर उलटं करायची सवय होती, पण आयुष्यभर त्याने उभी अक्षरंच कोरली. कलही उलटा करावा लागतो हे त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं. शिवाय गुरं स्वस्त झाली की आष्टीत फायदा कुणाच्या मेव्हण्याचा?"

जालिंदरने मान खाली घातली. "मेव्हणा म्हणला, दोनच दिस लोक घाबरले तरी बास. जनावरं अशीबी मरणारच हायती..."

"गप बे!" मुंजाजी ओरडला.

कुलपाचा ठराव रद्द झाला. सोसायटीचे सेक्रेटरी ओशाळून म्हणाले, "भिवराबाई, छावणी चालू आहे म्हणून मोठं पत्रक काढा. तुमच्या त्या जाड टाईपात."

"त्यात न्हाई," भिवराबाई म्हणाल्या. "ते अक्षर बघून लोकांनी दावणी रिकाम्या केल्या. आता त्याच अक्षरात खरं सांगितलं तर कोण मानंल?"

त्यांनी मुंजाजीला साधा, उभा टाईप जुळवायला सांगितला.