पत्राची पोच

कोल्हापूरच्या स्नेहविज्ञान प्रयोगशाळेत हस्तानुकारी यंत्राचा पोलादी हात शाईचं पेन धरून झरझर लिहीत होता. 'तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.' अक्षर डॉ. शर्वाणी पेडणेकरचं होतं. खुद्द शर्वाणी शेजारी उभी राहून चहा पीत होती.

यंत्र तिचंच. आई गेल्यावर वेंगुर्ल्याचे तिचे बाबा, निवृत्त चित्रकला शिक्षक, जे गप्प झाले ते गप्पच. फोन उचलायचे, 'बरा आहे' म्हणायचे, ठेवून द्यायचे. दिवसेंदिवस खंगत चालले होते. हाताने लिहिलेलं पत्र आलं की माणसाला उभारी येते, हे विज्ञानाने मान्य केलेलं. पण लिहायला सवड कुणाला? म्हणून तिने यंत्राला आपलं अक्षर शिकवलं. तिच्यासारखीच कामात बुडालेली आणखी मुलं-मुली अक्षराचा नमुना देऊन मोकळी झाली, आणि त्यांच्या आईवडिलांना टपालाने पत्रं जाऊ लागली. उत्तरं प्रयोगशाळेत येत. तीही यंत्रच वाचायचं आणि पुढचं पत्र रचायचं. सगळं कसं बिनबोभाट!

बाबा झपाट्याने सुधारले. उद्या निवड समिती येणार होती. समितीने होकार दिला की यंत्रं राज्यभर बसणार होती.

"समितीला काय सांगणार?" डॉ. नासीर मुजावरने विचारलं. प्रयोगाची मोजमापं त्याच्याकडे असत.

"यंत्राच्या पत्राने गुण येतो, हे. बाबांचा जिव्हाळांक बघ की."

"बघितलाय, म्हणून तर आलो. घामातला स्नेहरस मोजणारी मनगटपट्टी आपण म्हाताऱ्यांना बांधली, तशी त्यांच्या मुलांनाही बांधली होती. आता ऐक. नुसतं पत्र वाचणाऱ्याचा अंक जरा चढतो आणि लगेच उतरतो. उत्तर लिहिणाऱ्याचाच टिकतो. तुझे बाबा जुन्या वळणाचे. आलेल्या पत्राची पोच दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही."

"म्हणजे औषध वाचण्यात नाही?"

"लिहिण्यात आहे. पेन मनापेक्षा सावकाश चालतं. वाक्य कागदावर उतरेपर्यंत ज्याला लिहितोय ते माणूस डोळ्यांपुढे धरून ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ स्नेहरस पाझरत राहतो."

शर्वाणी हसली. "मग बिघडलं कुठे? यंत्र लिहितं, ते पोच देतात, बरे होतात. झकासच की!"

"ते बरे होतात गं. पण ज्यांनी लिहायचं, त्यांनी लिहिलंच नाही, त्यांचं काय?" मुजावरने पडदा तिच्याकडे वळवला. "ही मुलांची रेघ. सगळ्यांचीच उतरतेय. तळाशी कोण आहे, ते वाच."

तळाशी तिचंच नाव होतं. बाबा पार खचले होते तेव्हा त्यांचा जो अंक होता, त्याच्याही खाली.

आधी तिला मुजावरचा राग आला, मग स्वतःचा. बाबांचं एकही उत्तर तिने वाचलं नव्हतं. स्वतःच्या वाट्याचं औषध तिने स्वतःच्या हाताने मोरीत ओतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने समितीला ठणकावून सांगितलं, "यंत्र उत्तम आहे. राज्यभर बसवलंत तर म्हातारे बरे होतील आणि त्यांची मुलं आजारी पडतील. बंद करा." अध्यक्षांचं तोंड उतरलं, पण पुरावा तिच्या बाजूने होता.

मग ती स्वतः पेन घेऊन बसली. तिसऱ्या ओळीतच हात भरून आला. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. आईबद्दल लिहिताना डोळे वाहायला लागले आणि शाई पसरली. तरी कागद बदलला नाही. पाकीट टपालपेटीत टाकून परतली तेव्हा तिला सडकून भूक लागली होती.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या नावे वेंगुर्ल्याहून एक पोस्टकार्ड आलं. वळणदार, सुबक अक्षर.

'स. न. वि. वि. आपल्याकडील लेखनयंत्र बिघडलेलं दिसतं. माझी मुलगी चार ओळींत दहा ठिकाणी खोडणारी. तिच्या नावाने येणाऱ्या पत्रांत एकही खाडाखोड नाही, तेव्हा ती यंत्राची आहेत हे मी पहिल्याच पत्रात ओळखलं होतं. तरी खाली तिचं नाव असे, म्हणून पोच देत गेलो. या खेपेचं पत्र मात्र अर्धंअधिक लागत नाही. जागोजागी डाग आहेत, आणि तिच्या आईच्या आठवणीपाशी अक्षर पार वाकडं झालं आहे.

कृपया यंत्र दुरुस्त करू नये.

आपला,
भास्कर पेडणेकर'