नितळ पाण्याचं कोडं

"चल रे सुशांत, ओहोटी लागली!" निशा बांधावरून ओरडली.

गणपतीच्या सुट्टीत सुशांत आणि त्याची बहीण इरा विचुंब्याहून गव्हाणला मावशीकडे आले होते. शेजारची निशा त्यांना खाडीत खुबे, म्हणजे शिंपल्या, काढायला नेत होती. सकाळीच पाऊस कोसळून गेला होता. तरी खाडीला मिळणारा ओढा अगदी नितळ!

"किती स्वच्छ पाणी!" इरा म्हणाली.

"तोच तर वांदा हाय! पावसात पानी लाल पायजे," निशा म्हणाली.

निशाचे आजोबा काशिराम चिखलात बसले होते. त्यांनी एक खुबा उघडून दाखवला. आत मांस नखाएवढंच.

"पावसानं डोंगराची माती येते, कुजलेला पाला येतो. तोच यांचा घास," ते म्हणाले. "निशाची आजी पानी बघून सांगायची, खुबे भरनार का नाय. ती हितंच बसायची. मी टोपली धरायचो." त्यांनी उघडलेला खुबा खाली ठेवला. "असंच राह्यलं तर ही जागा संपली."

"मग माती अडली कुठे? शोधूया!" सुशांत उठलाच.

तिघं ओढ्याच्या काठाने वर निघाली. वळणावर बांधकामाच्या ट्रकसाठी ओढ्यातच मातीचा कच्चा रस्ता घातला होता. मागे पाणी तुंबून तळं झालं होतं.

"बघा! पाणी जायचा पाइप उंचावर बसवलाय," इरा म्हणाली. "वरचं निवळ पाणी पुढे जातं, गाळ मागेच बसतो!"

"ए पोरांनो, पळा!" कामावरचे मुकादम दीनानाथ छत्री घेऊन आले. "रस्ता पावसाआधी काढायचा राहिला. त्यात काय? पाणी जातंय ना!"

"पण गाळ अडलाय, काका," इरा म्हणाली.

"कसला गाळ? गुडघाभर पाणी आहे नुसतं!"

"मग उतरून दाखवा ना," सुशांत भोळेपणाने म्हणाला. "का भीती वाटते?"

"मला? भीती?"

दीनानाथ तळ्यात उतरले आणि मांडीपर्यंत रुतले! कामगारांनी दोर टाकून ओढलं, तेव्हा एक गमबूट आतच राहिला.

"काका, गुडघा कुठं गेला?" निशाने विचारलं. कामगार हसले. शेवटी दीनानाथही हसले. "हरलो बाबांनो! बोलवा रे जेसीबी!"

रस्ता फुटला आणि लाल पाणी खाडीकडे धावलं.

खाडीवर आलेल्या मावशीने मुलांच्या पाठी थोपटल्या. काशिरामांनी ओंजळीत पाणी घेतलं, गाळ बोटांत चोळला, हुंगला.

"तुज्या आजीच्या लुगड्याला हाच वास यायचा," ते निशाला म्हणाले. "पोरांनो, लय मोठं काम केलंत."