घट्ट हात

धाकटीला विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण पोटात सातवा महिना, डॉक्टरीणबाईंनी जिने चढायला बंदी केलेली आणि नवरा दिवसभर कामावर. शेवटी मोठ्या जावेनेच तिच्या हातात क्रोशाची सुई आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा दिला.

"बाळाचं ब्लँकेट तूच कर. नुसती छताकडे बघत बसलीस म्हणून छत काही खाली येणार नाही."

"ताई, मला साधं बटण लावता येत नाही हो!"

"मला तरी कुठे काय येत होतं? आईंनी शिकवलं. उसवायला लावून लावून."

आई म्हणजे दोघींची सासू. धाकटी लग्न होऊन आली त्याच्या आदल्या वर्षीच त्या गेल्या. त्यांच्या आजारपणात मोठीने त्यांचं सगळं केलं होतं. "एकदा स्वप्नात तरी यायचं," ती अजून म्हणायची. "तेवढंही नाही."

जेवणं झाली की दोघी पडदे ओढून वेताच्या खुर्च्यांत बसायच्या. आधी साखळी, मग तिच्यावर खांब, म्हणजे उभे टाके, खांबाशेजारी खांब. धाकटी जीभ बाहेर काढून दिवसाला एक ओळ करायची, तीही रडतखडत, आणि ओळीचा शेवटचा खांब हमखास विसरायची. नवशिक्यांचा हा ठरलेला घोटाळा. "अशाने चौकोनाचा त्रिकोण होतो बाई," मोठी म्हणायची. "बाळाला गुंडाळायचंय, पंखा करून वारा नाही घालायचा."

पण झालं उलटंच. ब्लँकेट सुतासारखं सरळ वाढत होतं.

एका ढगाळ दुपारी मोठीने ते मांडीवर घेतलं. कडेवरून फिरणारं तिचं बोट मधेच थांबलं.

"ही कड कोणी केली?"

"मीच... म्हणजे, मीच ना?"

"तुझा हात सैल आहे. हे शेवटचे खांब बघ. सुई शिरायची नाही इतके घट्ट." मोठीचा आवाज खाली आला. "असा घट्ट हात या घरात एकाच बाईचा होता..."

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. सासूबाईंच्या साड्यांचं कपाट बंद होतं, तरी आतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला होता. तिला वाटलं, मोठी आता किंचाळेल. मोठी रडता रडता हसत होती. "गेल्या, तरी सासूपण काही सुटलं नाही!"

मग हळूहळू भीती सरली. ओळ करायची, विणकामाची टोपली खुर्चीवर ठेवायची आणि आत जाऊन लवंडायचं. जरा वेळाने बाहेर वेत कुरकुरायचा, कुणीतरी सावकाश टेकल्यासारखा... दोघी श्वास रोखून पडून राहायच्या. उठून बघावं तर टोपली जागच्या जागी आणि ओळ पुरी. धाकटीला तर मजाच वाटू लागली. फुकटची शिकवणी!

पण ती खरंच शिकत होती, हीच पंचाईत. एक दिवस शेवटचा खांब तिच्या हातून आपसूक घातला गेला. ते पाहून मोठीचा चेहरा पडला.

"इतक्यात शिकू नकोस ना गं. तुझं चुकायचं थांबलं, की त्या कशाला येतील?"

धाकटीने तो खांब मुद्दाम उसवून ठेवला. त्या दुपारी खुर्ची वाजली नाही. सासूबाईंना असली सोंगं कळत नाहीत होय!

"मी एवढं केलं त्यांचं," मोठी दुसऱ्या दिवशी पुटपुटली. "आणि आल्या त्या तुझ्यासाठी. जिला त्यांनी पाहिलंसुद्धा नाही."

धाकटीला भडभडून आलं. तिने सुई जावेच्या हातात कोंबली. "आजची ओळ तुम्ही करा."

"माझी चूक होत नाही बाई."

"करा तर खरं."

मोठी विणू लागली. डोळे असे वाहत होते की खांब कुठे पडतोय ते तिला दिसत नव्हतं. मधेच दोन सुटले. धाकटीने पाहिलं, पण ती गप्प बसली.

त्या दुपारी खुर्ची वाजली. बराच वेळ वाजत राहिली...

मोठी अनवाणीच बाहेर धावली. तिची अख्खी ओळ उसवून पुन्हा घातली होती, घट्ट, एकसारखी. "बघ! मला उसवलं! अजून मला काही येत नाही म्हणे!" असं सुख धाकटीने तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. तिलाही हसू फुटलं, आणि पोटातल्या बाळाने एक लाथ हाणली.

मग धाकटीला वरची ओळ दिसली. सासूबाईंच्या ओळीवर आणखी एक सुरू झाली होती. इवले इवले, वाकडेतिकडे खांब. घामट बोटांनी लोकर मळलेली. हात लहान मुलाचा होता. मोठीला मूल नाही, झालंच नाही, असंच धाकटी आजवर ऐकून होती.

"ताई... हे कोणी?"

मोठीने त्या ओळीवरून फार हळू बोट फिरवलं. मग टोपलीतली स्टीलची सुई उचलली आणि तिच्या जागी जाड, बोथट टोकाची लाकडी सुई ठेवली.

"ती टोकेरी होती," ती म्हणाली. "लागेल तिला."

"तिला? कुणाला, ताई?"

मोठीने पडदा सारखा केला.

"चल, आत जाऊ. कुणी बघत असलं की लाजते ती."